शंकरराव चव्हाण आणि गोदावरीच्या पाण्याचा हिशेब



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांना मंत्र्यांची नावे पाठ करावयास लावतो. कोण महसूलमंत्री, कोण शिक्षणमंत्री, कोण पाटबंधारेमंत्री. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मंत्रिमंडळ बदलले की विसरून जातात. त्यांचे काही चुकत नाही. नुसती नावे लक्षात ठेवण्यासारखी नसतातच. पण एखाद्या चौकस पोराने उठून विचारले, "गुरुजी, मंत्री असतो म्हणजे तो करतो काय?" तर काय उत्तर द्यावे? फीत कापतो, भाषण करतो, सही करतो, एवढे सांगून त्या पोराचे समाधान व्हावयाचे नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीतून शोधू. हा माणूस आपल्या मराठवाड्यातला, जन्माने पैठणचा आणि कर्माने नांदेडचा. शंकरराव भाऊराव चव्हाण. ते दोन वेळा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, दिल्लीत गृह, अर्थ, संरक्षण, शिक्षण, नियोजन अशी खाती त्यांनी सांभाळली. पण ही खुर्च्यांची यादी बाजूला ठेवू. पाणी ही एकच गोष्ट धरू, म्हणजे मंत्री काय करतो आणि काय करू शकत नाही, हे दोन्ही नीट कळेल.

आधी त्या वेळचा मराठवाडा डोळ्यांपुढे आणू. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामाच्या हातून सुटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात आले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा वेगळा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. या मुलुखात नद्यांची वाण नव्हती. गोदावरी, पूर्णा, मांजरा, पैनगंगा, सिंदफणा, मनार अशी एकाहून एक नावे आहेत. वाण होती ती पाणी अडविण्याची. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहावयाची आणि उन्हाळ्यात तिच्याच काठच्या गावाने वाळूत झिरा खणून तांब्या तांब्याने घागर भरावयाची. निजामाच्या राज्यात मोठे धरण बांधले गेले नाही असे नाही. मांजरेवर १९३१ साली निजामसागर पूर्ण झाले. पण ते खाली, तेलंगणात. लातूरच्या शिवारावरून वाहत गेलेल्या पाण्याने भाताची खाचरे पिकली ती निजामाबादेकडे. नदी आपल्या दारावरून जाते म्हणून तिचे पाणी आपले होते असे नाही, हा धडा मराठवाड्याला फार लवकर मिळाला होता.

शंकररावांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी पैठणला झाला. त्यांनी कायद्याचे शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात घेतले. वकिलीत बस्तान बसवावे असे ते वय. पण स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला आणि त्यांनी वकिली सोडली. निजामी हद्दीच्या पलीकडे, पैनगंगेपार उमरखेडला लढ्याचे एक केंद्र होते, तेथे त्यांनी काम केले. संस्थान मुक्त झाल्यावर ते नांदेडला स्थिरावले आणि नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नगरपालिका ही राज्यकारभाराची पहिली शाळाच म्हणावयाची. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, म्हणजे लोक थेट घरी येतात. तेथे भाषणाने भागत नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा पाटबंधारे व वीज हे खाते त्यांच्याकडे आले.

आता खरी गोष्ट सुरू होते.

गोदावरीवर मोठे धरण बांधावे हा विचार हैदराबाद राज्यातच झाला होता. त्यासाठी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळची जागा पाहिली होती. पुढे जे धरण झाले ते मात्र त्या जागेपासून शंभरएक किलोमीटर वर, पैठणला. गाव बदलले, नाव राहिले. म्हणूनच पैठणच्या धरणाला आपण आजही जायकवाडी म्हणतो. पुष्कळ लोकांना याचे कोडे पडते, ते असे सुटते.

पण जागा वर का नेली? हे समजण्यास इंजिनिअर असावे लागत नाही. आपल्याकडची माळवदाची घरे आठवा. अंगणातल्या रांजणातले पाणी घरात न्यावयाचे तर तांब्याने उपसावे लागते. तेच पाणी माळवदावरच्या टाकीत असले तर तोटी सोडताच आपोआप खाली येते, आणि टाकी जितकी उंच तितके ते लांब जाते. कालव्याचेही तसेच आहे. धरणातून निघालेला कालवा अगदी बेताच्या उताराने जमिनीच्या कडेकडेने चालतो. कालव्याच्या खालच्या अंगाला असलेले शिवार भिजते, वरच्या अंगाचे कोरडे राहते. म्हणून धरण नदीच्या वरच्या अंगाला, उंच जागी घेतले, तर कालव्याची रेघ उंचावरून जाते आणि तिच्या पोटात अधिक गावे येतात. पैठणला जागा घेतल्यामुळे डावा कालवा जालना व परभणीच्या शिवारात शिरला आणि उजवा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व बीड जिल्ह्यांकडे गेला. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. दोहोंवर मिळून सुमारे १ लाख ८३ हजार हेक्टर जमीन भिजविण्याची योजना होती. याशिवाय उजव्या कालव्यातून सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात पाणी सोडावयाचे आणि तेथून पुढच्या गावांना द्यावयाचे, हा योजनेचा दुसरा टप्पा.

नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. ती कालव्याची होण्यास मंजुरी लागते, पैसा लागतो आणि विरोधाला उत्तर द्यावे लागते. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक आणि नगर जिल्हे. तेथे इंग्रजी अमदानीपासून कालवे होते, ऊस होता, साखर कारखाने होते. खाली एवढे मोठे धरण बांधले तर उद्या वरच्या पाण्यावर हक्क सांगितला जाईल, ही भीती तिकडे असणे स्वाभाविक होते. एवढे पाणी पैठणला येईल तरी का, ही शंकाही होती. अशा वेळी मंत्र्याच्या हातात काय असते? त्याच्या हातात कागद असतो. पाऊस किती, पूर किती, वापर किती, शिल्लक किती, हे आकडे मांडून पटवावे लागते आणि खाते हातात असेतोवर तो कागद टेबलावरून खाली पडू द्यावयाचा नसतो. शंकररावांनी चिकाटीने हेच केले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा शंकरराव मुख्यमंत्री होते. दोन दिवसांच्या मध्ये दहा वर्षांहून अधिक काळ गेला. मुलांना हेही सांगावे. बातमी पायाभरणीची आणि उद्घाटनाची होते, काम मधल्या दहा वर्षांत होते.

धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब असून तिला २७ दरवाजे आहेत. तिच्यामागच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. तो पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते. यांतले सुमारे २६ टीएमसी दरवाजांच्या व कालव्याच्या तोंडाखाली राहते, त्याला मृत साठा म्हणतात. कालव्याने देता येण्याजोगा जिवंत साठा राहतो तो सुमारे ७६ टीएमसी.

हा टीएमसी शब्द आपण रोज ऐकतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २८३१ कोटी लिटर. हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. सात हजार एकरांचे एक शिवार घ्या. त्याला चहूंकडून बांध घाला आणि आत मीटरभर, म्हणजे कमरेइतके पाणी साठवा. ते झाले एक टीएमसी. नाथसागर त्याच्या शंभरपट आहे. मात्र तो खोल कमी आणि पसरट जास्त. थाळीत ओतलेले दूध जसे वाटीतल्या दुधापेक्षा लवकर आटते, तसे याचे पाणी उन्हाने मोठ्या प्रमाणावर उडून जाते. हे या जागेचे उणे, आणि ते मान्य केले पाहिजे.

पाणी साठले म्हणजे त्याच्याखाली काहीतरी बुडालेच. नाथसागराने शंभरावर गावांना धक्का दिला. पैठण आणि गंगापूर, तसेच नगर जिल्ह्यातले शेवगाव आणि नेवासे या तालुक्यांतली ही गावे. गोदाकाठची काळीभोर जमीन, पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे, देवळे, चिंचा, आमराया, सारे पाण्याखाली गेले. धरणाचा आग्रह धरणारा मंत्री पैठणचाच, आणि त्या धरणासाठी सर्वस्व सोडणारी कित्येक माणसेही पैठण तालुक्याचीच. कालव्याचे पाणी ज्यांना मिळाले ते दुसरे. धरणाची गोष्ट सांगताना ज्यांच्या चुली त्यात विझल्या त्यांना वगळले तर ती गोष्ट अर्धी राहते. परभणीच्या शेतकऱ्याने दारे धरताना या माणसांची एकदा तरी आठवण काढावी.

जायकवाडी सर्वांत मोठे, पण ते एकटे नव्हे. पूर्णा नदीवर येलदरी आणि त्याच्याखाली सिद्धेश्वर ही दोन धरणे झाली. त्यांचे पाणी परभणी, हिंगोली व नांदेडकडे आले. कंधार तालुक्यात बारूळला मनार नदी अडविली. पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले. आणि नांदेड शहरानजीक विष्णुपुरी. तेथे नदी खोल आणि शिवार उंच, म्हणजे अंगणातल्या रांजणाची गोष्ट. म्हणून तेथे बंधारा घालून पंपाने पाणी उचलून कालव्यात टाकावे लागते. नांदेडकरांच्या पिण्याचे पाणीही तेथूनच येते. या प्रकल्पाला पुढे शंकररावांचेच नाव देण्यात आले.

आता गोष्टीचा दुसरा भाग ऐका. तो धरणाइतका डोळ्यांत भरत नाही, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा आहे.

गोदावरी महाराष्ट्रात उगम पावते, पण येथे संपत नाही. नांदेड जिल्हा ओलांडून ती तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात शिरते. तेथे पोचमपाडला मोठ्या धरणाची पायाभरणी १९६३ सालीच, जायकवाडीच्या दोन वर्षे आधी झाली होती. दोन राज्ये, एक नदी. शेजारच्या दोन शेतकऱ्यांत विहिरीच्या पाळीवरून तंटा होतो, तसाच येथे होता. केंद्र सरकारने १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. लवादापुढे वर्षानुवर्षे वकील बोलत राहिले. तेवढ्यात राज्यांनी आपसांत बसून करार केले आणि लवादाने पुढे १९८० च्या निवाड्यात ते मान्य केले.

यांपैकी महाराष्ट्र व आंध्र यांचा करार ६ ऑक्टोबर १९७५ चा आहे. त्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते. त्या करारातली तीन कलमे नांदेड-लातूरच्या प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहावीत अशी आहेत. पहिले, गोदावरीवर पैठणपर्यंत आणि पूर्णेवर सिद्धेश्वरपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राने वापरावे. दुसरे, त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या भागात महाराष्ट्राने नव्या कामांसाठी ६० टीएमसीपर्यंत पाणी घ्यावे. तिसरे, मांजरेच्या खोऱ्यात निजामसागराच्या वर महाराष्ट्राने नव्या कामांसाठी २२ टीएमसीपर्यंत पाणी घ्यावे. हे तिसरे कलम म्हणजे लातूरचा वाटा. १९३१ साली ज्या नदीचे पाणी सारे खालीच जाईल अशी व्यवस्था झाली होती, तिच्यावर ४४ वर्षांनी वरच्या गावांचा हक्क कागदावर लिहिला गेला.

नुसत्या कागदाचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. उपयोग कसा होतो ते पाहा. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा बांधला, त्यात २.७४ टीएमसी पाणी मावते. आंध्रने हरकत घेतली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहील, पण त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे. हा बंधारा त्या ६० टीएमसीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून टिकला. शंकरराव तेव्हा हयात नव्हते, २६ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांचे निधन झाले होते. पण १९७५ च्या एका करारातला आकडा २०१३ साली बाभळीच्या कामी आला. तेव्हा मंत्री काय करतो, या मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. तो आपल्यामागून येणाऱ्यांसाठी वाटा लिहून ठेवतो.

त्यांच्या कारभाराविषयीही दोन शब्द सांगतो. मंत्रालयात त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. वेळेवर येणे, फाइल वाचूनच सही करणे, वायफळ न बोलणे ही त्यांची शिस्त. हे नाव काही कौतुकानेच दिलेले नव्हते, पुष्कळांना त्यांचा जाच वाटे. १९८६ साली ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यात शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली गेली. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. घरात आपण म्हणतो, गेल्या साली लग्नकार्याला इतके खर्च केले, यंदा त्यात थोडे वाढवू. ही नेहमीची रीत झाली. शून्याधारित म्हणजे पाटी कोरी करावयाची आणि प्रत्येक खात्याला विचारावयाचे की, हा रुपया तुला का हवा ते पहिल्यापासून सांग. शिक्षकाच्या हाती ही पद्धत पडती तर त्याने तिला तोंडी परीक्षा म्हटले असते.

पण गुण सांगताना दुसरी बाजू झाकू नये. त्यांची पहिली मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द, फेब्रुवारी १९७५ ते मे १९७७, बहुतांशी आणीबाणीत गेली. त्या काळात विरोधी मताची माणसे तुरुंगात होती, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते आणि राज्य सरकार दिल्लीच्या हुकुमाप्रमाणे चालत होते. हे त्यांच्या खात्यावर मांडावेच लागते. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. अगोदरच पावले का उचलली नाहीत, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. शिस्त आणि निर्णय या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यावरून दिसते.

आता पुन्हा पाण्याकडे वळू, कारण आपला आजचा प्रश्न तेथेच आहे.

धरण झाले, करार झाला, मग पाणी सुखाने मिळू लागले का? तर नाही. जायकवाडीची आखणी झाली तेव्हाचा हिशेब असा होता की, पैठणपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यात सुमारे १९६ टीएमसी पाणी मिळेल. त्यातले सुमारे ११५ टीएमसी वरच्या भागाने वापरावे आणि ८१ टीएमसी जायकवाडीला यावे. पुढे दोन गोष्टी घडल्या. वरच्या भागात धरणे वाढत गेली, आणि पाण्याचा मूळ अंदाजही जास्तीचा होता असे दिसून आले. बाप मेल्यावर चार एकरांच्या वाटण्या केल्या आणि मोजल्यावर जमीन तीनच एकर भरली, तर शेवटच्या भावाच्या वाट्याला काय येणार? जायकवाडी हा तो शेवटचा भाऊ. पाऊस बरा झाला की धरण भरते, कमी झाला की वरची धरणे आधी भरतात आणि खाली वाळू दिसते.

यावर उपाय म्हणून महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. एका खोऱ्यातल्या सर्व धरणांनी तूट सारखी सोसावी, असे तत्त्व त्यात आले. ते कसे अमलात आणावयाचे, यावर मेंढेगिरी समितीने २०१३ साली अहवाल दिला. त्याच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ साली आदेश काढला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असा त्याचा आशय होता. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी वरून सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर वर आंदोलने झाली आणि खालीही झाली. वरचा शेतकरी काही आपला वैरी नव्हे. त्याच्याही घरी लेकरे आहेत, त्याच्याही बागा आहेत. म्हणूनच वाटा भांडून न ठरता मोजून ठरला पाहिजे.

न मोजल्याने काय होते ते लातूरने पाहिले आहे. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी भरलेली आगगाडी लातूर स्टेशनात आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, ती सुमारे २५ लाख लिटर आणी. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणावे लागले. मुलांना येथे एक गणित घालावे. एक टीएमसी, म्हणजे २८३१ कोटी लिटर पाणी या गाडीने आणावयाचे तर किती खेपा कराव्या लागतील? उत्तर अकरा हजारांच्या वर येते. रोज एक खेप धरली तर सुमारे एकतीस वर्षे लागतील. आणि लातूरच्या बाजूने त्या करारात २२ टीएमसी लिहिलेले आहेत. तेव्हा हक्क लिहिलेला असणे ही एक गोष्ट, तो आभाळातून पडणे ही दुसरी, आणि पडलेले पाणी राखून, मोजून वापरणे ही तिसरी. पहिली गोष्ट मंत्री करू शकतो. दुसरी कोणाच्याच हाती नाही. तिसरी तुमच्या-आमच्या हाती आहे.

ती कशी, ते थोडक्यात सांगतो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावात ऊस आणि शेवटाला ज्वारीलाही पाणी नाही, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. वरचा जिल्हा आपल्याला पाणी देत नाही म्हणून आपण ओरडतो, पण आपल्याच चारीवर आपण खालच्या शेतकऱ्याचे दार बंद ठेवतो. जो न्याय आपण नाशिक-नगरकडे मागतो, तो आपल्या बांधावर आधी दिला पाहिजे. पाणी हवे असेल तर नमुना नंबर ७ चा अर्ज मुदतीत भरावा. नुसता पाट फोडून घेतलेल्या पाण्याची नोंद होत नाही. आणि ज्या पाण्याची नोंद नाही त्याची पुढच्या वर्षी मागणीही मांडता येत नाही. सिंचनाचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन व्हावे म्हणून २००५ सालीच दुसरा कायदा झाला आहे. त्याप्रमाणे गावाने पाणीवापर संस्था करावी, घनमापाने पाणी मोजून घ्यावे आणि शेवटच्या शेतकऱ्यापासून वाटपाला सुरुवात करावी.

गुरुजनांना एक विनंती आहे. शाळेच्या भिंतीवर आपल्या तालुक्याच्या नदीचा नकाशा काढा. तिच्यावर कोणती धरणे, त्यांत किती पाणी मावते, यंदा किती आहे, हे आकडे दर महिन्याला मुलांकडून लिहवून घ्या. शंकरराव चव्हाणांचे नाव पाठ करण्यापेक्षा हे आकडे लिहिणारे मूल त्यांच्या कामाशी जास्त जवळचे नाते जोडील. कारण त्यांच्या साऱ्या पाटबंधारे कारकिर्दीचे सार एवढेच आहे की, मागासलेल्या मुलखाने नुसते गाऱ्हाणे न सांगता हिशेब घेऊन उभे राहावे.

ज्या पैठणला ते जन्मले, त्याच गावच्या नाथांची एक कथा आपल्या घराघरांत सांगतात. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. पाण्यावर पहिला हक्क तहानेचा, हा कायदा नाथांनी फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. धरणाला त्यांचे नाव दिले आहे, तर वाटपही त्यांच्या रीतीने व्हावे. मंत्र्याचे काम भिंत बांधून आणि करार लिहून संपले. त्या भिंतीमागचे पाणी शेवटच्या बांधापर्यंत नेण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते आपले आहे.